टळटळीत दुपारचे भूत

चित्रपट ‘डब्यात गेला’ असे आपण सहज म्हणतो, पण त्या शब्दप्रयोगामागे खराखुरा डबा आहे. फिल्मची रिळे पत्र्याच्या चपट्या, गोल डब्यांत ठेवली जात. जो चित्रपट पडद्यापर्यंत पोहोचलाच नाही त्याचा कायमचा मुक्काम त्या डब्यात. आपटलेल्या चित्रपटाबद्दल निदान कोणी काही तरी बोललेले असते. प्रेक्षक मध्यंतरात उठून गेलेले असतात, समीक्षकांनी झोडपलेले असते, निर्मात्याने नशिबाला बोल लावलेला असतो. डब्यात गेलेल्याचा निकालच लागत नाही. तो करणाऱ्या माणसांच्या मनात मात्र तो खटला चालू राहतो, कधी कधी चाळीस-पंचेचाळीस वर्षे.

1973 साली सायप्रस बेटावर चित्रित झालेला ‘घोस्ट इन द नूनडे सन’ हा ब्रिटिश विनोदी चित्रपट अशा खटल्यांपैकी एक. नावाचा अर्थ, भर दुपारच्या उन्हातले भूत. (कोकणात वाढलेल्या वाचकाला या नावात काही विसंगती वाटणार नाही. दुपारी बाराला विहिरीकडे जाऊ नये हे आपल्याकडे पोरासोरांनाही सांगतात. इंग्रजांची भुते मात्र रात्रपाळीची, म्हणून तिकडे हे नाव चमत्कारिक.) प्रमुख भूमिका पीटर सेलर्सची, त्या काळातल्या जगातल्या सर्वांत प्रसिद्ध विनोदी नटांपैकी एकाची. दिग्दर्शक पीटर मेडाक, वय पस्तीस. सोबतीला स्पाइक मिलिगन. हा मिलिगन 16 एप्रिल 1918 रोजी आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जन्मलेला. बालपणाचा मोठा भाग पुण्याच्या लष्करात गेलेला. या चित्रपटातल्या त्याच्या पात्राचे नाव बिल बॉम्बे. वितरक म्हणून हॉलिवूडची कोलंबिया कंपनी. एवढी सगळी सामग्री असून, चित्रीकरण पूर्ण होऊन, संकलन होऊन, चित्रपट थिएटरात लागला नाही. बारा-एक वर्षांनी तो व्हिडिओ कॅसेटवर आला, तेव्हा त्याची वाट पाहणारे कोणी उरले नव्हते.

असा चित्रपट वाईट का झाला याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती बहुतेक वेळा सेलर्सच्या विक्षिप्तपणापाशी येऊन थांबते. ते किस्से रंजक आहेत, पुढे काही येतीलच. पण मला त्याहून वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दोन आठवड्यांत सेटवरच्या सगळ्यांना कळून चुकले होते की काही खरे नाही. मग तो थांबला का नाही? थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हातात होता?

मूळ कथा लहान मुलांची. सिड फ्लाइशमन या अमेरिकन लेखकाने 1965 साली त्याच नावाची कादंबरी लिहिली. फ्लाइशमन तरुणपणी व्यावसायिक जादूगार होता आणि त्याच्या गोष्टींत जादूगाराची सफाई आहे. नॅन्टकेट बेटावरचा एक मुलगा ठोक्याला मध्यरात्री जन्मलेला, आणि अशा मुलांना भुते दिसतात अशी समजूत. चाच्यांना एका मेलेल्या दर्यावर्दीचा पुरलेला खजिना हवा आहे आणि त्या खजिन्यावर त्याचे भूत पहारा देते, म्हणून ते मुलाला पळवून नेतात. भूत दाखव, म्हणजे खजिना सापडेल. मुलाला भूतबीत काही दिसत नाही, ही त्यातली गंमत.

चित्रपटात ही गोष्ट बदलली. इव्हान जोन्सच्या पटकथेत जहाजावरचा स्वयंपाकी डिक स्क्रॅचर (सेलर्स) कप्तान रास मोहम्मदचा (पीटर बॉयल) खून करून स्वतः कप्तान होतो. खजिना कुठे पुरला आहे हे मात्र त्याच्या लक्षात राहत नाही. म्हणून मग भुते पाहणारा मुलगा. कागदावर ही कल्पना वाईट नाही. आचारी कप्तान झाला आणि त्याला काहीच आठवत नाही, यात उत्तम फार्स दडलेला आहे. आपल्याकडच्या एखाद्या कसलेल्या लोकनाट्यवाल्याला हे कथाबीज दिले असते तर त्याने रात्रभर वग चालवला असता. पण वग चालतो फळकुटांच्या रंगमंचावर. हा चित्रपट समुद्रावर करायचा होता.

त्याआधी पैसा उभा कसा राहिला ते पाहू. साठच्या दशकात ब्रिटिश चित्रपटसृष्टीची जी भरभराट दिसली ती मोठ्या प्रमाणात अमेरिकन स्टुडिओंच्या पैशावर होती. दशक संपता संपता ते स्टुडिओ स्वतःच तोट्यात गेले आणि त्यांनी लंडनमधून हात आखडता घेतला. सत्तरीच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये चित्रपट काढायचा तर तुकडे जोडावे लागत. रीत साधारण अशी. एखादा वितरक लेखी आश्वासन देतो की अमुक नटाचा, अमुक कथेचा चित्रपट पूर्ण करून माझ्या हाती दिलात तर मी इतके पैसे देईन. ते आश्वासन तारण ठेवून बँक कर्ज देते. बँकेला धास्ती असते की चित्रपट अर्धवट राहिला तर आश्वासन कागदच राहील. म्हणून तिसरा माणूस मध्ये येतो आणि काहीही झाले तरी चित्रपट पुरा करून देण्याची हमी घेतो.

या सगळ्या इमारतीचा पाया म्हणजे नटाचे नाव. वितरकाने वचन दिले ते सेलर्सला. पटकथा, दिग्दर्शक, जहाज हा सगळा नंतरचा तपशील. मेडाकलाही हे ठाऊक होते. सेलर्स हो म्हणाला की चित्रपट होतो, आणि पस्तिशीतल्या दिग्दर्शकाला जगातला सर्वांत मोठा विनोदी नट स्वतःहून हो म्हणत असेल तर नाही कोण म्हणेल?

मेडाक नवखा नव्हता. बुडापेस्टचा हा मुलगा 1956च्या उठावानंतर हंगेरीतून निसटून इंग्लंडला आला, स्टुडिओत हरकामी म्हणून लागला आणि पायरी पायरीने वर चढला. 1972 साली त्याचे दोन चित्रपट आले. ‘अ डे इन द डेथ ऑफ जो एग’ हा अपंग मुलीच्या आईवडिलांवरचा. ते दोघे विनोद करून करून जगतात आणि पाहणाऱ्याला हसताना लाज वाटते. दुसरा ‘द रूलिंग क्लास’. त्यात पीटर ओटूलने आपण येशू ख्रिस्त आहोत असे मानणारा उमराव रंगवला आणि त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. वेडाच्या कडेवर चालणारा विनोद हाताळण्यात इंग्लंडमध्ये त्या घडीला मेडाकइतका तयार दिग्दर्शक क्वचितच असेल. म्हणजे माणूस चुकीचा निवडला, असेही म्हणता येत नाही.

सेलर्सची अवस्था मात्र वेगळी होती. साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ आणि ‘पिंक पँथर’ यांच्या यशानंतर त्याचा आलेख घसरत होता. सत्तरीच्या आरंभीचे त्याचे चित्रपट एकामागून एक पडले. 1970 सालचा ‘हॉफमन’ तर त्याला स्वतःलाच इतका नकोसा झाला की त्याची निगेटिव्ह विकत घेऊन सगळा चित्रपट पुन्हा करू, असा प्रस्ताव त्याने मांडला होता. 1973च्या उन्हाळ्यात लायझा मिनेलीशी त्याचे प्रेमप्रकरण गाजले आणि महिन्याभरात मोडले. हा माणूस जांभळ्या रंगाला घाबरे आणि कोणती भूमिका घ्यावी हे ज्योतिष्याला विचारी. (आपल्याकडच्या निर्मात्यांना यात नवल वाटू नये.) तो सायप्रसला उतरला तेव्हाच मनाने तिथे नव्हता.

आता जहाजाकडे वळू, कारण समुद्रावर चित्रपट करणे म्हणजे काय याची कल्पना कोरड्या जमिनीवर येत नाही.

जमिनीवर कॅमेरा एका जागी उभा असतो आणि सूर्य हळूहळू सरकतो. समुद्रावर कॅमेरा, नट, पार्श्वभूमी हे सगळे एकाच वेळी हलत असते. नांगरलेले जहाजही वाऱ्याबरोबर फिरते. सकाळी नटाच्या पाठीमागे मोकळे क्षितिज असते, तासाभराने तिथे किनारा आणि त्यावरचे हॉटेल दिसू लागते. मग जहाज फिरवायचे, त्याला अर्धा तास. तोवर ऊन बदललेले. शिवाय कथा सतराव्या शतकातली. दूरवर मोटारबोट दिसली, विमानाची रेघ उमटली, की थांबा. रोज सकाळी साठ-सत्तर माणसे, दिवे, जनरेटर, पोशाख, डबे लहान होड्यांतून जहाजावर न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. त्यात निम्म्यांना बोट लागलेली. दिवसाकाठी पडद्यावरच्या दोन मिनिटांचे काम झाले तर देव पावला म्हणायचे. चाच्यांच्या चित्रपटांनी इतक्या निर्मात्यांना बुडवले त्यामागे हे साधे गणित आहे.

त्यातून या चित्रपटाला जहाज मिळाले ते मुलखावेगळे. एक जुने ग्रीक गलबत विकत घेऊन त्याला चाच्यांचे रूप देण्यात आले. मेडाकने पुढे सांगितलेली हकिगत अशी की जहाज किरेनियाच्या बंदराकडे येत होते, सगळे किनाऱ्यावर स्वागताला उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते येऊन धडकले. तांडेल दारू प्यायलेला होता. ज्या चित्रपटातले प्रमुख पात्र म्हणजे जहाज चालवता न येणारा कप्तान, त्या चित्रपटाच्या पहिल्याच दिवशी हे घडावे! पटकथेतल्या कोणत्याही विनोदापेक्षा हा प्रसंग सरस आहे आणि दुर्दैवाने त्या वेळी कॅमेरा चालू नव्हता.

सेलर्सने आल्या आल्या निर्मात्यांना घालवा म्हणून धोशा लावला. मग त्याचे दिग्दर्शकाशी बिनसले. अमेरिकन नट अँथनी फ्रॅन्चोसा याच्याशी तलवारबाजीच्या दृश्यावरून वाजले आणि यापुढे त्याच्याबरोबर एका चौकटीत उभा राहणार नाही, असे सेलर्सने जाहीर केले. हा त्याचा जुना शिरस्ता. 1967च्या ‘कसिनो रोयाल’मध्ये त्याने ऑर्सन वेल्सबाबत हेच केले होते. दोघे जुगाराच्या एकाच टेबलाशी बसलेले दिसतात, पण त्यांची दृश्ये वेगवेगळी चित्रित केलेली. जुगाराच्या टेबलापाशी हे जमते. तलवारबाजीत दोघांपैकी एकालाच दाखवायचे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

मग एके दिवशी सेलर्सच्या छातीत दुखू लागले. त्याला इस्पितळात नेले, काम थांबले. मेडाकच्या सांगण्याप्रमाणे त्यानंतर थोड्याच दिवसांत लंडनच्या वर्तमानपत्रात सेलर्सचे छायाचित्र आले. तो एका रेस्टॉरंटमध्ये राजकन्या मार्गारेटबरोबर जेवत होता.

हा किस्सा सगळे हसून सांगतात. मला त्यात पैशाच्या व्यवहाराची एक बारीक गाठ दिसते. चित्रपटाचा विमा असतो तो नटाच्या आजारपणाचा. डॉक्टरने दाखला दिला तर थांबलेल्या दिवसांचे पैसे विमा कंपनी देते. नट रुसला, तर नाही. म्हणजे आजारी असणे आणि नको असणे यांतला फरक हा थेट हिशोबातला फरक. आणि सेलर्सच्या छातीतल्या दुखण्याला खोटे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, कारण 1964 साली बिली वाइल्डरच्या ‘किस मी, स्टुपिड’चे काम चालू असताना त्याला लागोपाठ हृदयविकाराचे झटके आले होते आणि तो मरता मरता वाचला होता. तेव्हा वाइल्डरने त्याच्या जागी रे वॉल्स्टन हा दुसरा नट घेऊन चित्रपट पुरा केला. तो खराच आजारी होता म्हणून ते शक्य झाले. नऊ वर्षांनी सायप्रसमध्ये तोच माणूस धडधाकट होता आणि म्हणूनच त्याला बदलता येत नव्हते.

इथे आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. चित्रपटाच्या पहिल्या दिवशी नट आणि दिग्दर्शक दोघेही बदलता येतात. पुढे चित्रीकरण होत जाते तसा नटाचा चेहरा फिल्मवर साठत जातो. पंधरा दिवसांनी त्याला काढायचे तर ते पंधरा दिवस समुद्रात बुडवावे लागतात. म्हणजे त्याची किंमत रोज वाढत जाते, त्याने काम बिघडवले तरीही. दिग्दर्शकाचे उलटे. तो कोणत्याच चौकटीत नसतो. त्याला आज काढून उद्या दुसरा उभा केला तर पडद्यावर काही फरक दिसत नाही. सेटवर हुकूम देणारा तो, पण सर्वांत सहज बदलण्याजोगा माणूसही तोच. हंगेरीहून निर्वासित म्हणून आलेल्या माणसाला हे वेगळे सांगायची गरज नसावी. मेडाक काम सोडून गेला नाही. सोडले तर बदनामी त्याचीच होणार होती.

सेलर्सने यावर उपाय काढला तो मिलिगनचा. पटकथा सुधारायला स्पाइकला बोलवा. श्रेयनामावलीत ‘जादा संवाद’ म्हणून मिलिगनचे नाव आहे.

हे सेलर्सला सुचावे यामागे कारण होते. वर्षभरापूर्वी, 1972 साली, बीबीसीच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त ‘गून शो’चा एक शेवटचा खास भाग झाला होता आणि जुने सवंगडी एकत्र आले होते. ‘गून शो’ ही 1951 ते 1960 या काळातली बीबीसी रेडिओवरची मालिका. मिलिगन, सेलर्स आणि हॅरी सीकोम. लिहायचे मुख्यतः मिलिगनने, आवाज काढायचे तिघांनी. ब्रिटिश विनोदाची पुढची सगळी पिढी, माँटी पायथनसकट, या कार्यक्रमावर वाढली.

या विनोदाचा एक झरा आपल्या बाजूचा आहे. मिलिगनचे वडील लिओ हे ब्रिटिश फौजेतले आयरिश शिपाईगडी, आणि हौशी रंगकर्मी. आईही गाणारी. फौजेच्या छावण्यांत करमणुकीचे कार्यक्रम होत, त्यांत हे दोघे असत. स्पाइक पुण्याच्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीत शिकला, मग रंगूनला गेला आणि मुलगा असतानाच इंग्लंडच्या धुक्यात जाऊन पडला. त्याच्या लिखाणातली बेताल फौजी अफसरशाही, निरर्थक हुकूम, संध्याकाळच्या बिगुलाचा भास, हे सगळे छावणीतल्या पोराने पाहिलेले आहे. ‘गून शो’त लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन पात्रे होती, सेलर्स आणि मिलिगन त्यांचे आवाज काढत. सेलर्सही महायुद्धात हवाई दलाच्या ‘गँग शो’बरोबर हिंदुस्थानात येऊन गेलेला. ‘द पार्टी’मधला त्याचा ह्रुंडी बक्षी आज आपल्याला खुपतो आणि खुपावाच. चेहऱ्याला रंग फासून केलेली ती नक्कल आहे. पण लालकाकांच्या त्या आवाजात काही तरी ओळखीचे आहे, हेही नाकारता येत नाही.

तर हा मिलिगन सायप्रसला आला, लिहू लागला आणि काही दृश्यांचा ताबाही त्याने घेतला. चित्रपट सावरला नाही. का, याचे उत्तर ‘गून शो’तच आहे. 1955 साली त्यांनी ‘नेपोलियन्स पियानो’ नावाचा भाग केला. त्यात फ्रान्समधून नेपोलियनचा पियानो पळवायचा असतो. तो आणायचा कसा? समुद्रात लोटायचा आणि त्याच्यावरच बसून खाडी ओलांडायची. रेडिओवर याला काय लागले? पाण्याचा थोडा आवाज, पियानोचे चार सूर आणि तीन माणसांचे आवाज. ऐकणाऱ्याने आपल्या मनात पियानोला शीड लावले. मिलिगनचा विनोद असा बिनवजनी आहे. वाक्य अर्ध्यात वळते, कारणाशिवाय दुसरी गोष्ट सुरू होते, जग एका आवाजात उभे राहते आणि दुसऱ्या आवाजात कोसळते. हे खर्चिक नाही म्हणूनच वेगवान आहे, आणि वेगवान आहे म्हणून हसू येते.

कॅमेऱ्यासमोर पियानो तरंगवायचा तर पियानो बांधावा लागतो. मिलिगनला रात्री सुचलेला विनोद सकाळी चित्रित करायचा म्हणजे जहाज फिरवा, पोशाख शिवा, होडी आणा. तोवर त्यातला जीव गेलेला. शिवाय रेडिओवर समोर प्रेक्षक बसलेले असत. हसले नाहीत तर पुढचे वाक्य बदलता येई. समुद्रावर हसणारे कोणी नव्हते. कंटाळलेले तंत्रज्ञ होते आणि उन्हाने काळवंडलेले खलाशी. सेलर्सने डिक स्क्रॅचरला दाट आयरिश हेल दिला आहे. आवाज म्हणून तो ऐकण्यासारखा आहे, पण ज्याला तो चिकटवला आहे त्या माणसाला काय हवे आहे हे कधीच कळत नाही. चित्रपट आज पाहिला तर सुटे सुटे विनोद दिसतात, एकमेकांना न ओळखणारे. मिलिगन आणि सेलर्स यांचे एखादे दृश्य मध्येच चमकते आणि लगेच लक्षात येते की हे दोघे एकमेकांसाठी खेळत आहेत, गोष्ट त्यांच्या खिजगणतीत नाही.

याच दिवसांत या मंडळींनी तिथे एक सिगारेटची जाहिरातही करून घेतली. सेलर्स, मिलिगन, दिग्दर्शक मेडाक. त्यात काम झटपट झाले. छोटी गोष्ट, एकच विनोद, ठरलेला शेवट. ज्या माणसांना दोन महिने एक चित्रपट रेटता येत नव्हता त्यांना ते जमले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. भांडणेच सगळ्याच्या मुळाशी असती तर जाहिरातही झाली नसती.

आता उरलेले अर्धे उत्तर. नट बदलता येत नाही, मग निर्मात्याने काम बंद का केले नाही? कारण बंद करण्यातला तोटा त्याच दिवशी, नक्की आणि त्याच्या नावावर पडणारा. चालू ठेवण्यातला तोटा मोठा, पण पुढचा, अनिश्चित आणि वाटला जाणारा. वितरकाचे वचन चित्रपट ‘पुरा’ करण्याचे होते, ‘चांगला’ करण्याचे नव्हते. अर्धवट सोडला तर बँकेचे कर्ज निर्मात्याच्या गळ्यात. वाईट का होईना, पुरा करून दिला तर करार पाळला गेला. या हिशोबात प्रत्येक माणूस आपापल्या जागी शहाणपणानेच वागतो. सेलर्सला करार मोडायचा नव्हता, त्याला कोणी तरी काढायला हवे होते. निर्मात्याला काढायचे नव्हते, त्याला सेलर्सने कामावर यायला हवे होते. हमीदाराला रिळे मोजून हवी होती. आणि या सर्वांच्या मधोमध, उन्हात, एक दिग्दर्शक रोज सकाळी होडीत बसून जहाजावर जात होता.

चित्रपट पुरा झाला. कोलंबियाने पाहिला आणि प्रदर्शित केला नाही. यामागेही साधा हिशोब असतो. चित्रपट तयार झाल्यावर खर्च थांबत नाही. शेकडो प्रिंट काढायच्या, जाहिरात करायची, थिएटरांशी बोलणी करायची, हा सगळा नवा पैसा. गेलेला पैसा गेलाच आहे. त्यामागे आणखी घालायचा की नाही, एवढाच प्रश्न वितरकासमोर असतो. पडेल चित्रपटापेक्षा न लागलेला चित्रपट कधी कधी स्वस्त पडतो. सेलर्सलाही ते सोयीचेच. जो चित्रपट कोणी पाहिला नाही तो त्याच्या नावावर कसा मांडणार?

1974च्या जुलैमध्ये सायप्रसमध्ये ग्रीक लष्करशाहीच्या पाठिंब्याने उठाव झाला आणि पाचच दिवसांनी, 20 जुलैला, तुर्की फौजा बेटावर उतरल्या. त्या उतरल्या त्या किरेनियाच्या जवळच्याच किनाऱ्यावर. बेट दुभंगले, किरेनिया उत्तरेत गेले आणि तिथल्या ग्रीक सायप्रसवासीयांना घरेदारे सोडावी लागली. वर्षभरापूर्वी ज्या धक्क्यावर इंग्रज नट कागदी टोप्या आणि लाकडी तलवारी घेऊन चाच्यांचा खेळ मांडत होते तिथे खऱ्या फौजा आल्या. चित्रपटाच्या दृष्टीने याला काही महत्त्व नाही. पण त्या रिळांत दुभंगण्याआधीचे किरेनियाचे बंदर रंगीत आणि उन्हात चमचमते साठवले गेले आहे. विनोदासाठी नाही तरी त्यासाठी ती पाहावीत असे मला वाटते.

पुढे कोणाचे काय झाले? सेलर्सने पुढच्याच वर्षी ब्लेक एडवर्ड्सबरोबर ‘द रिटर्न ऑफ द पिंक पँथर’ केला. तो 1975 साली लागला आणि तुफान चालला. 1979 साली ‘बीइंग देअर’मध्ये त्याने आयुष्यातली सर्वांत संयत भूमिका केली आणि 24 जुलै 1980 रोजी हृदयविकारानेच तो गेला, वय चोपन्न. मिलिगनशी त्याचे बिनसले नाही. सायप्रसनंतर लगेच मिलिगनच्या ‘द ग्रेट मॅगोनागल’मध्ये सेलर्सने चक्क व्हिक्टोरिया राणीची भूमिका केली. मिलिगनची खोड काही गेली नाही. दहा वर्षांनी ‘यलोबिअर्ड’ नावाच्या दुसऱ्या एका चाच्यांच्या विनोदी चित्रपटात तो आणि पीटर बॉयल दोघेही पुन्हा दिसतात. त्या चित्रपटाच्या वेळी मार्टी फेल्डमन हा गुणी नट चित्रीकरणाच्या अखेरीस मेक्सिकोत वारला आणि चित्रपटही पडला. मिलिगन 2002 साली गेला.

मेडाकचा पुढचा चित्रपट ‘द ऑड जॉब’ यायला 1978 उजाडले. ‘द रूलिंग क्लास’ करणाऱ्या माणसाला सहा वर्षे पडद्यावर नाव दिसले नाही. न लागलेल्या चित्रपटाचा तोटा असा चुकता होतो. समीक्षकांनी झोडपले असते तर तो सेलर्सचा पडलेला आणखी एक चित्रपट ठरला असता. कोणी पाहिलाच नाही, म्हणून धंद्यात फक्त कुजबूज उरली, आणि कुजबुजीत नाव दिग्दर्शकाचेच असते. त्याला खर्च आवरला नाही, त्याला नट आवरला नाही. 1980 साली मेडाकने ‘द चेंजलिंग’ हा भुताचा चित्रपट केला, जुन्या वाड्यातल्या एका मुलाच्या भुताचा, आणि तो आजही त्या प्रकारातला मानदंड समजला जातो. पुढे ‘द क्रेज’, ‘लेट हिम हॅव इट’ असे चांगले चित्रपट त्याने केले. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला माणूस सावरला.

2018 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याने ‘द घोस्ट ऑफ पीटर सेलर्स’ नावाचा माहितीपट केला. स्वतःच्या त्या डब्यात गेलेल्या चित्रपटाविषयी. त्यात तो सायप्रसला परत जातो. त्या काळातली जी माणसे हयात आहेत त्यांना गाठतो. मिलिगनची अनेक वर्षांची व्यवस्थापक नॉर्मा फार्न्स भेटते, पैसा उभा करणारे जॉन हेमन भेटतात. सगळे म्हातारे झालेले. तो त्यांना तेच तेच विचारतो, की काय झाले होते, मी काय करायला हवे होते. माणसे आपुलकीने बोलतात, किस्से सांगतात, हसतात. बहुतेकांच्या दृष्टीने ती एक मजेशीर आठवण आहे. त्याच्या दृष्टीने नाही, हे कॅमेरा लपवत नाही. हमीदार, वितरक, विमा कंपनी यांची खाती कधीच बंद झाली. त्याचे एकट्याचे चालू होते, आणि पंचेचाळीस वर्षांनंतरही तो त्या बंदराच्या काठाशी उभा राहून पाण्याकडे बघत, ते जहाज नेमके कुठे येऊन आदळले ते दाखवत असतो.